पासंग

दगड काळा होता, गुळगुळीत,
एका अंगाला छिन्नीनं मारलेली फुली.
बनमाळी साहू म्हणायचा, हा किलो.
आम्हीही म्हणायचो, हा किलो.
माझी सासू म्हणाली, तिची सासू म्हणाली असणार.
एवढ्या तोंडांनी म्हटल्यावर
दगडाला किलो व्हावंच लागलं.

चिंच आमच्याच झाडांची.
होळीच्या सुमाराला झोडायची, मग बसून
टरफल काढायचं, शिरा ओढायच्या, चिंचोके उकलायचे,
बोटांच्या पेरांना आंबट भेगा पडेपर्यंत.
मग टोपली डोक्यावर, दोन डोंगर खाली
बिस्समकटकच्या बाजारात.
तराजू साहू धरायचा.
त्याच्या अंगठ्याकडे आम्ही बघायचो नाही.
बघणं बरं दिसलं नसतं.

संस्था म्हणजे
पोस्टामागं पत्र्याची एक खोली,
ढकलल्याशिवाय सुरू न होणारी एक मोटरसायकल
आणि कल्याणी दीदी,
दोनदा मलेरिया झालेली, कुई बोलताना अडखळणारी.
पहिलं वर्ष तिनं काहीच केलं नाही.
यायची, आमच्यात बसून चिंचोके काढायची,
आमच्याहून हळू.
नंतर दर मंगळवारी दहा रुपये, पत्र्याचा डबा, तीन कुलपं,
तीन किल्ल्या तीन घरांत.
रायमती हिकाकाच्या नवऱ्यानं एका रात्री
डब्यावर कुऱ्हाड घातली.
कुलपं टिकली. डब्याला पोचा आला.
वहीत मी लिहिलंय: पोचा, एक.

तिसऱ्या वर्षी त्या डब्यातून काटा घेतला.
बसक्या पाटाचा, सरकारी शिक्क्याचा.
पायातला काटा आम्हाला ठाऊक होता,
हा दुसरा.
बाजारात मांडला तेव्हा
म्हातारी सिंगारी मंडांगी साहूच्या ताडपत्रीशी गेली,
म्हणाली, तुझा किलो दे बघू जरा.
तो हसला. हसत हसतच दिला.

सुई एकवर थांबली नाही.
एक किलो तीनशे चाळीस.

कुणी ओरडलं नाही.
एक बकरी मात्र मिरच्यांच्या ढिगात शिरली
आणि तिला कुणी हाकललं नाही.
वही माझ्याकडे, म्हणून गुणाकारही माझ्याकडे आला:
दोनशे किलो विकली की अडुसष्ट फुकट.
घरं साठ.
माझ्या लग्नाला बावीस वर्षं.
सासूची किती, ते विचारायला सासू नाही.
पेन्सिल तिथंच थांबली.
मापात पाप म्हणतात,
पण पाप मोजायचं कुठल्या मापानं?

साहू अजून बाजारात बसतो. भाव आता बरा देतो,
सिंगारीला मावशी म्हणतो.
काहीजणी आजही त्यालाच विकतात.
मध्यरात्री पोर तापानं फणफणलं
की उधार देणारा तोच जागा असतो,
आमचा डबा मंगळवारीच उघडतो.
हेही लिहून ठेवलंय. दीदी म्हणाली, लिही,
यावर बोलायचं आहे.
अजून बोलतोच आहोत.

दगड त्यानं परत मागितला नाही.
आमच्या खोलीत असतो, वहीवर,
वाऱ्यानं पानं उलटू नयेत म्हणून.

त्या दिवशी बाजार उठल्यावर
सिंगारी स्वतःच काट्यावर चढली.
छत्तीस, मी म्हटलं.
एवढीच? सगळी मिळून?
मग खाली वाकून तिनं दगड उचलला,
पोटाशी धरला, लेकरासारखा नाही,
पाण्याच्या हंड्यासारखा.
आता बघ.
सदतीस किलो, तीनशे चाळीस.
हे लिही, म्हणाली,
इतकी वर्षं तो मीच उचललाय.

छत्तीस खोडलं.
खाडाखोड दिसते अजून.
तशीच ठेवलीय.